घरचा पुरुष

“घरचा पुरुष हो म्हटल्याशिवाय मी पोट फाडणार नाही,” डॉक्टर म्हणाले आणि हात पुसत बाहेर गेले.

टेबलावर लंकाबाई होती. मूल आडवं आलं होतं. कर्जतकडच्या वाडीवरून एसटीनं नगरच्या दवाखान्यात येईपर्यंत तिचा आवाज बसला होता.

“मला इचारा की, बाई,” ती नर्सला म्हणाली. “पोट माझं हाय.”

“तुझं चालत नाही गं,” मेरी सिस्टर म्हणाली. “नवरा कुठाय?”

उत्तर सासूनं, कडूबाईनं दिलं. “दुष्काळी कामावर. खडी फोडतोय.”

“मग आजी, तुम्ही तरी डॉक्टरांना सांगा.”

“मी बाईमानूस. माझं कोन ऐकतंय? लेक यील, त्यो सांगंल.”

“तोवर ही राहते का?”

कडूबाई सुनेच्या कानाशी वाकली. काहीतरी पुटपुटली. लंकाबाईचे डोळे मोठे झाले. मग तिनं मान हलवली. म्हातारीनं पोरीला गप्प राहायचा दम भरला, असं मेरीला वाटलं.

कडूबाई फाटकापर्यंत जाऊन आली आणि उंबऱ्यात बसली. खोलीला दार एकच. कळ आली की लंकाबाई त्या दाराकडे बघायची. तिथं सासूची पाठ दिसायची.

थोड्या वेळानं धोतरावरचा कडब्याचा भुसा झटकत एक माणूस आला.

“आलास का रं सूर्यभान!” कडूबाई ओरडली. “आता तेराव्यालाच यायचं हुतंस!”

डॉक्टर आत आले. “नवरा तूच?”

“व्हय जी.”

“पोट फाडून मूल काढावं लागेल.”

त्यानं कडूबाईकडं पाहिलं. “फाडा. बाई जगली पायजे.”

“मूल नाही वाचलं तर?”

“बाई जगली पायजे.”

“हेच ना गं तुझे मालक?” मेरीनं विचारलं. “नाव घे बघू.”

लंकाबाईनं पदर तोंडावर ओढला.

“अगं बाई! मरायला टेकली तरी लाजते,” मेरी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

उन्हं कलल्यावर दार उघडलं. “मुलगी आहे, आजी. दोघी सुखरूप.”

कडूबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग ती फाटकाशी गेली. तो माणूस टांग्याला घोडं जुंपत होता.

“मावशी,” तो हळूच म्हणाला, “खडीवरनं तुमचा लेक आला अन् म्हनला, कुनाला इचारून पोट फाडलं, तर काय सांगाल?”

“जिचं पोट हाय तिला. कानात इचारलं.”