तुलनेसाठी रक्त

लखनौच्या इस्पितळात संशोधक तरुणी माझ्या लेकीचं रक्त काढत होती. ऋचाला झालेल्या पित्ताशयाच्या कॅन्सरची चाहूल रक्तातल्या एखाद्या प्रोटीनवरून आधीच लागू शकते का, हे त्यांना शोधायचं होतं. मी हळूच विचारलं, “पिछले सावन में पता चल जाता?” तिनं सुईला दुसरी नळी लावली. श्रावणी सोमवारी माझ्यासोबत उपवास करताना ऋचा बरगडीखाली हात दाबून म्हणायची, “आई, इथे दुखतंय.” “उपवासाचं पित्त ते,” म्हणत मी चमचाभर मोरावळा द्यायचे. आता डॉक्टरांकडेही औषध उरलेलं नाही. तुलनेसाठी त्यांना घरातल्या निरोगी माणसाचंही रक्त हवं होतं. मी हात पुढे केला. माझ्या नळीवर त्या तरुणीनं ‘हेल्दी’ लिहिलं. ते वाचून ऋचा हसली, “आई, मोरावळा तूच खात होतीस वाटतं.” माझे डोळे भरून आले. “सुई चुभी, आंटी?” “हाँ,” मी म्हणाले.