मागचं डावं दार

आरटीओच्या तपासणीत नापास झालेल्या गाडीच्या चिठ्ठीवर सहा दोष होते आणि दुपारी एकपर्यंत मेस्त्रीने त्यातले पाच निकालात काढले. हँडब्रेक आवळला, मागचा लाल दिवा पेटू लागला, वायपरची रबरं बदलली, हॉर्नला कंठ फुटला आणि सायलेन्सरच्या भोकावर पत्र्याचं ठिगळ बसलं. फेरतपासणी तीनला होती.

"या बाई माझ्यापेक्षा वयाने मोठ्या," बॉनेटवर थाप मारून मेस्त्री म्हणाला. "अहोजाहो केल्याशिवाय काही ऐकत नाहीत."

राहिलं मागचं डावं दार. ते आतून उघडत नव्हतं.

"ते राहू द्या," स्टुलावर बसलेले अप्पा म्हणाले. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"राहू देऊन कसं चालेल, काका? आता चारही दारं आतून उघडून बघतात. मागच्या वेळी कुणी बघितलं नसेल, तो भाग वेगळा."

अप्पांची मुलगी वैतागली. या गाडीला अप्पांनी हयातभर दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. आता पाना धरला की त्यांचे हात थरथरायचे म्हणून ते आले, नाहीतर कसले येतात! तरी त्यांना इथपर्यंत आणायला तिला चार दिवस लागले होते.

"अप्पा, त्यांना त्यांचं काम करू द्या ना. मेस्त्री, त्या दाराचं लॉक खराब आहे. फार जुनं दुखणं आहे. सरळ नवीन टाका."

एवढं बोलून ती दुसरीकडे बघू लागली. त्या दाराबद्दल घरात फक्त आई बोलायची, आणि तेही एकच वाक्य. "दोन स्क्रू आवळायला वेळ नव्हता तुम्हाला." तेहतीस वर्षांपूर्वी एका वळणावर ते दार उघडलं आणि दाराशी बसलेला तिचा पाच वर्षांचा भाऊ रस्त्यावर पडला. तो घरी परत आला नाही. ती नऊ वर्षांची होती, त्याच्याच शेजारी बसलेली. आई जेवताना ते वाक्य बोलली की अप्पा ताटावरून उठायचे नाहीत, उत्तर द्यायचे नाहीत, मान खाली घालून घास चावत राहायचे. मुलीलाही त्यांची कधी कीव आली नव्हती. तिने त्यांच्यावर माया केली तीसुद्धा हात राखूनच.

मेस्त्रीने दाराचं आतलं कव्हर उपसून काढलं, आत बॅटरी मारली आणि शीळ घातली.

"ताई, हे बघा."

हँडलकडून लॉककडे जाणारी सळई जाड तारेने आवळून बांधली होती. सात-आठ वेढे, वर ग्रीसचा थर. तारेची टोकं आत मुडपलेली, कुणाच्या हाताला लागू नयेत अशी.

"पक्क्या हाताचं काम आहे. कुणी केलंय?"



मेस्त्रीने पकडीने तार तोडली. मग आत बसून दार लावून घेतलं आणि खांद्याने दोन सणसणीत धडका दिल्या. दार ढिम्म हललं नाही. हँडल ओढलं, लगेच उघडलं.

"लॉक कुठे खराब आहे? उलट ठणठणीत आहे. हे आपोआप उघडणारं लॉकच नाही, ताई. आतून हँडल ओढायला लागतं."

"तेव्हा सैल असेल," ती म्हणाली. "मागाहून दुरुस्त केलं असेल."

"स्क्रूंवर अजून कंपनीचा रंग आहे. कुणी कधी फिरवलेच नाहीत. आणि दुरुस्त केलं असतं, तर वर बांधलं कशाला असतं?"

मुलीने अप्पांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते, जेवताना ताटाकडे बघायचे तसे.

"तुम्ही बसा मागे आणि आतून उघडा," मेस्त्री म्हणाला. "दार कुठे घासतंय का, ते मी बाहेरून बघतो."

त्या दिवसानंतर ती या गाडीत मागे कधी बसली नव्हती. उजव्या दाराने ती आत शिरली आणि सीटच्या मध्यावर अडली. आणखी सरकायला हवं होतं. सरकवेना. डावीकडे हातभर जागा रिकामी होती आणि तिथे कुणी बसलेलं असावं तसं तिने अंग चोरून घेतलं. मग हात पुढे गेला. आडवा गेला, कुणाच्यातरी गुडघ्यांवरून जावा तसा, आणि बोटं न चाचपडता हँडलवर पडली. हात इथे आधी येऊन गेला होता. त्या दिवशी खिडकीची जागा तिला हवी होती. भाऊ सरकत नव्हता. "मग उतर खाली," असं ती त्याला म्हणाली होती.

दार उघडलं.

"लोण्यासारखं!" मेस्त्री खूश झाला. हात पुसून त्याने खिशातली चिठ्ठी काढली. प्रत्येक दोषापुढे काय केलं, ते लिहून शिक्का मारून द्यावा लागायचा. "सहाव्यापुढे काय लिहू? लॉक चांगलं होतं, तार काढली, एवढंच ना?"

"अप्पा," मुलगी आतूनच म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "अप्पा, त्या दिवशी मी..."

अप्पा स्टुलावरून उठले. एरवी उठायला त्यांना कुणाचातरी हात लागायचा.

"लॉक खराब होतं," ते मेस्त्रीला मोठ्याने म्हणाले. "तसंच लिहा. गाडी माझ्या नावावर आहे."