साहेबांसाठी मांडव

“साहेबांना ऊन लागलं तर?” म्हणत पालक मंडळाच्या सयाजीकाकांनी मांडव घातला. तोही शाळेच्या अंगणातल्या नव्याकोऱ्या सौर पॅनेलांवरच!

मॉरिशसमधल्या आमच्या गावाला ती चाचणीपुरती मिळाली होती. राजधानीतल्या साहेबांसमोर आज वर्गातले पंखे फिरले तर पॅनेलं आमची, नाहीतर शेजारच्या गावाची. उकडून आमची रताळी झाली होती, म्हणून मी बजावलं, “काका, सावलीत वीज कशी होणार?”

“पाहुण्यांचा मान आधी. विज्ञान मागाहून, पोरी!”

साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. पंखे ढिम्म. “तरी मी म्हणतच होतो, आपल्या बेटाला डिझेलच बरं,” साहेब म्हणाले, आणि काकांनी चक्क मान डोलावली!

मग मात्र मला राहवेना. मी मांडवाची दोरीच सोडली. कापड बाजूला सरकलं, ऊन आलं आणि पंखे गरगरले. अख्खी शाळा किंचाळली!

काकांनी डोळे वटारले आणि शिक्षा म्हणून मला पॅनेलांना खेटून उभ्या साहेबांच्या डोक्यावर छत्री धरायला लावली. धरली की! फक्त पॅनेलांवर सावली पडू नये एवढं जपलं. साहेबांचं टक्कल मात्र मस्त तापलं.