नाव न सांगणारं रान

पहिलीपासून आभासी रानातच शिकलेला चौथीचा वर्ग आज पहिल्यांदा गावामागच्या खऱ्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, आला होता. पेडणेकरबाईंना सुरुवातीला गंमत वाटली. मुलं करवंदीच्या पानाला बोट लावायची, कान द्यायची आणि हिरमुसून म्हणायची, "बाई, हे बोलतच नाही." शाळेतल्या रानात हात लावला की प्रत्येक गोष्ट आपलं नाव सांगायची.

"इथे नावं आपणच शोधायची," बाई हसून म्हणाल्या.

तेवढ्यात कातळापाशी बसलेली स्वरदा हरखून म्हणाली, "बाई, हे बोलतंय."

तिच्यासमोर वेटोळं घातलेलं विषारी फुरसं अंगाला अंग घासत खरखरत होतं. बाई ओरडायचं विसरून तिच्याकडे झेपावल्या. स्वरदाने बोट पुढे केलं, बाईंनीच शिकवलं होतं तसं, न घाबरता, अलगद.

बाई धावत पोचल्या तेव्हा ती बोटाकडे बघत होती. "नाव नाही सांगितलं त्याने," ती रडवेली होऊन म्हणाली. "नुसतं बोट जळतंय."

तिला उचलून बाईंनी मान वर केली. फुरशासमोर बाकीची मुलं शहाण्यासारखी रांग लावून उभी होती, एकेक बोट पुढे करून.