शिळा गुर्दा

"रशिदा, बकऱ्याचे हे गुर्दे शिळे आहेत!" सरांनी काचेची बशी टेबलावर आदळली. "अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या मूत्रपिंडाच्या तुकड्यांनी लाल रंग कमी शोषायला हवा. तुझ्या दोन्ही बश्यांत सारखाच शोषलाय. बापाच्या दुकानातला उरलासुरला माल प्रयोगशाळेत आणतेस?"

"सर, शिळे असते तर अल्कोहोल नसलेल्या बशीतल्या तुकड्यांनीही रंग ओढला नसता."

"मला शिकवू नकोस. असल्या कामावर पीएच.डी. मिळत नसते."

दुसऱ्या दिवशी अब्बा स्वतःच गुर्दे घेऊन आले. अजून कोमट होते.

"हात लावून बघा, सर. या बाबालालचं मटण शिळं म्हणणारा कोल्हापुरात अजून जल्माला यायचाय!"

तेव्हाच्या दारूबंदीमुळे अल्कोहोलची बाटली कुलपात असायची आणि किल्ली सरांच्या खिशात. त्यांनी बाटली काढून दिली. मी सगळा प्रयोग पुन्हा मांडला. पुन्हा तेच. दोन्ही बश्यांतले तुकडे सारखेच लालभडक.

सरांनी तोंड उघडायच्या आत मी बाटली उचलली आणि नाकाला लावली. कसलाच वास नव्हता.

अब्बा लांबूनच म्हणाले, "काय हाय गं त्यात?"

"पाणी."

अब्बांनी सरांच्या खिशाकडं पाहिलं, मग त्यांच्या तांबारलेल्या डोळ्यांकडं.

"मग माझी बकरी कशाला नासताय, सर? परयोग तर तुमच्याच गुर्द्यावर रोज चाललाय की!"