गादीचा बैल

म्हाताऱ्या शेतकरी उर्बानने खडकावर बसल्या बसल्याच नव्या ड्यूकच्या गालावर हलकी चापट मारली. रीतच होती तशी. शेतकऱ्याची चापट खाऊन, त्याला बैल देऊन, त्याने रिकाम्या केलेल्या खडकावर बसल्याशिवाय त्या मुलखाची गादी कुणाला मिळत नसे.

दोनशे वर्षांत गादीवर उत्तरेकडचे आले, दक्षिणेकडचे आले, पुन्हा उत्तरेकडचे आले. चापट मात्र उर्बानच्याच घरातली.

ड्यूकची नजर झाडाखालच्या तांबड्या बैलावर गेली. "हा माझ्याआधीच्या त्या पळपुट्याने दिलेला ना? आजच्या मेजवानीला कापा!"

उर्बान खडकावरून हलला नाही.

"कापू की, महाराज. पण एका बैलावर नांगर चालत नाही. मग तुमचा बैल नुसता बसून चारा खाईल."

ड्यूकने खडकाकडे पाहिलं, न उठणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. "जुंपा दोघांना."

तेव्हा कुठे उर्बान उठला.

नांगरणीच्या दिवशी जेवण घेऊन आलेल्या बायकोने विचारलं, "भांडतात का हो दोघं?"

"सकाळी केली ओढाताण," उर्बान बांधाला पाठ टेकत म्हणाला. "दुपारपर्यंत दोघांनाही कळलं, शेत कुणाचं ते."