चूक म्हणायचं नाही

"हे काय आहे?" मुख्याध्यापिकाबाईंनी पेपर तिच्यापुढे सरकवला.

फुल्या होत्या. लाल, ठसठशीत, तिने स्वतः मारलेल्या. वर्गातल्या एका पोराने जवळजवळ सगळी गणितं चुकवली होती, मग फुल्याही तितक्याच. आपल्या देशात इतकी वर्षं शिकवलं, पण फुली म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

"गणितं चुकलीत," ती म्हणाली.

"तो घरी जाऊन रडला. आमच्याकडे आधी चांगलं काय आहे ते सांगतात. आणि चूक हा शब्द वर्गात नकोच." बाई हे हसत हसत बोलल्या. इथे, या परक्या देशात, सगळे हसूनच बोलत. त्यामुळे आपल्याला नारळ कधी मिळेल, याचा चेहऱ्यावरून काही पत्ता लागत नसे.

वर्ष संपताना याच बाई तिच्याबद्दल शेरा लिहिणार होत्या. तो बरा आला तर नोकरी कायम होणार होती, आणि मगच नवऱ्याला नि मुलीला इकडे आणता येणार होतं. नाही तर गाशा गुंडाळून परत. निघताना नातेवाइकांनी एवढं डोक्यावर घेतलं होतं की परत जायला तोंड नव्हतं.

तिने लाल पेन बंद केलं आणि चांगलं शोधायला लागली. बेरीज पार आडवी झालेली असली तरी रेघ सरळ आखलीस म्हणायचं. उत्तर कोरं असलं तरी पान स्वच्छ ठेवलंस म्हणायचं. सुरुवातीला हे फार जिवावर यायचं. शाळेतून आली की ती भाड्याच्या खोलीत चपलासुद्धा न काढता बसून राहायची. आपण शिक्षिका राहिलो नाही, दारात गुलाबपाणी शिंपडायला उभी केलेली बाई झालो, असं वाटून तिला रडू यायचं. पुढे पुढे रडू येईनासं झालं. पेपर भराभर हातावेगळे होऊ लागले. गणित वाचायची गरजच उरली नव्हती.

मुलीची आठवण मात्र पेपर तपासतानाच यायची. पोरगी गणितात कच्ची. घरी रोज संध्याकाळी दोघींची जुंपायची. हातचा विसरलीस, खोड, पुन्हा कर. पोरगी पाय आपटायची, बाप मध्ये पडायचा आणि दोघींची बोलणी खायचा. आता फोनवर जेवलीस का, झोपलीस का, यापुढे गाडी जात नव्हती.

शेवटी बाई तिच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या. तास संपल्यावर त्यांनी तिचा हात हातात घेतला. "आता तुम्ही अगदी आमच्यातल्या झालात." शेरा उत्तम आला. नोकरी कायम झाली.

शाळेच्या जिन्यातच उभं राहून तिने घरी व्हिडिओ कॉल लावला.

"म्हणजे बॅगा भरायला घेऊ?" नवरा म्हणाला. "तुझ्या लेकीने तर मोजेसुद्धा काढून ठेवलेत."

तेवढ्यात लेकीने त्याच्या हातून फोन ओढला आणि एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. "आई, बघ. मी एकटीने सोडवलीत."

तिने कागदावरून नजर फिरवली. "अगं वा! किती सुंदर अक्षर. आणि एकाखाली एक किती नीट मांडलंस गं."

कागद हलला नाही. लेक वाट बघत होती. मग कागदाच्या मागून तिचा आवाज आला.

"आई, सगळी चुकलीत. मी एकदाही हातचा घेतला नाहीये, मुद्दाम. तिकडच्या मुलांच्या चुका काढतेस ना, तशा माझ्या पण काढ ना."